दुसऱ्या भागातले पहारेकरी

पहिल्या भागात दरवाजावरच्या पहारेकऱ्याला चौदा पावलं होती. चौदा पावलं डावीकडे, मग एक लांबलचक जांभई, मग चौदा पावलं उजवीकडे. जांभई देताना त्याचे डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात पिंपामागून निघायचं आणि कमानीखाली पोचायचं. ही चौदा पावलं माझ्या बायकोनं शोधून काढली. तोवर मी अकरा वेळा पकडला गेलो होतो आणि अकराही वेळा त्या पहारेकऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

मी बोलतोय ते व्हिडिओ गेमबद्दल. बावन्न वर्षांचा, कोल्हापूरच्या शाहूपुरीत पंपांचे पट्टे आणि बेअरिंग विकणारा, पोट सुटलेला माणूस गेम खेळतो म्हटल्यावर लोक आधी हसतात आणि मग माझ्या बायकोची कीव करतात. तिथं ते चुकतात. ती माझ्यापेक्षा बरी खेळते. फक्त कंट्रोलर हातात धरत नाही.

टीव्हीला जोडून गेम खेळायचा तो डबा आमच्या घरात आला टाळेबंदीत. तिच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याच्या घरात त्यावरून रोज भांडण व्हायचं, तर त्यानं तो काढून टाकायचं ठरवलं. बायको म्हणाली, "अहो, दुकान बंद, नाटकाच्या तालमी बंद. तुम्ही घरात नुसतं येरझाऱ्या घालून माझी फरशी झिजवायलासा. घेऊया." घेतला. तो नोंदवायला आत बराच मोठा अर्ज भरायचा होता. मला अर्ज दिसला की जांभया येतात, म्हणून तो तिनंच भरला, तिच्या नावावर, तिचा मोबाइल नंबर घालून. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

डब्यात एकच गेम होता. चोरपावलांचा. एक राखाडी घोंगडं पांघरलेला हेर एका किल्ल्यात शिरतो, एकेक दरवाजा ओलांडत आत जातो आणि कुणाला न दिसता बाहेर येतो. बस. नकाशा नाही, बाण नाहीत, हातात धड शस्त्र नाही. कुणी बघितलं की तो दरवाजा पुन्हा पहिल्यापासून. हेर तोंडातून एक शब्द काढत नाही. न बोलावता लोकांच्या घरात शिरतो म्हणून आम्ही त्याचं नाव ठेवलं पावणं.

आमची विभागणी पहिल्या आठवड्यातच ठरली. मी पावण्यांना चालवायचं आणि तिनं पहारेकरी मोजायचे. मी हौशी नाटकात तीस वर्षं सेनापती आणि सरदार केलेला माणूस. माझ्या अंगात लपणं नाही. दरवाजा दिसला की मला धावत जाऊन आरोळी ठोकावीशी वाटते. ती बँकेत सव्वीस वर्षं. एक सही राहिली की कागद परत. ती माझ्या शेजारी मांडीवर ताट घेऊन गवारीच्या शेंगा निवडत बसायची आणि नजर टीव्हीवर ठेवून पुटपुटायची, "अकरा, बारा, तेरा, चौदा, आता!" आणि 'आता'ला माझ्या गुडघ्यावर फटका. मी निघालो नाही तर दुसरा फटका, जरा वरचा.

"अहो, आता म्हटल्यावर आता. तुम्ही काय टाळ्यांची वाट बघताय?"

सात महिने लागले. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं 'जरा सरका, आम्हाला बघू द्या' म्हणणारं कुणी नव्हतं. टाळेबंदी उठली, दुकान उघडलं, तिची बँक तर कधी बंदच नव्हती, तरी संध्याकाळी एक दरवाजा व्हायचाच. शेवटी पावणं किल्ल्याबाहेर आले आणि पडद्यावर दोन ओळी उमटल्या. शेवटच्या फेरीत किती जणांनी बघितलं, शून्य. किती जण मारले, शून्य. दुसरा शून्य तिचा हट्ट होता. मारायची सोय होती, मागून जाऊन मान आवळता यायची. ती म्हणायची, त्याची ड्युटी आहे, तो उभा राहणारच, त्यात त्याचा काय गुन्हा? त्या संध्याकाळी ती कोपऱ्यावरून बासुंदी घेऊन आली आणि आम्ही दोघांनी टीव्हीसमोर उभं राहून खाल्ली.

मग तिला बढती मिळाली. तिसऱ्यांदा परीक्षा देऊन मिळाली. शाखाधिकारी. शाखा चंद्रपूर जिल्ह्यात.

कोल्हापूरहून चंद्रपूर म्हणजे अख्खी रात्र आणि वर निम्मा दिवस. जूनमध्ये मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. एक नियम तिनं मला गाडी लागायच्या आधी, दोन बॅगांच्या मध्ये उभी राहून समजावून सांगितला. तीन महिन्यांच्या आत लिहून दिलं तर बढती सोडून जुन्या पदावर परत येता येतं. त्यानंतर नाही, मग तीन वर्षं तिकडंच.

"करमलं न्हाय तर सांगा. मी येतो परत."

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, 'मी येतो, मी जातो'. मी म्हणालो, "मला? करमणार नाही? अगं, मला माणसं आवरता आवरत नाहीत." माझा आवाज इतका खणखणीत लागला की पलीकडच्या फलाटावरच्या दोघांनी वळून बघितलं. सव्वीस वर्षं ती ज्या खुर्चीची वाट बघत होती ती माझ्या एका सुस्काऱ्यावर सोडून देईल, हे मला माहीत होतं. म्हणून मी ठरवलं, तीन महिने सुस्कारा टाकायचा नाही. निदान फोनवर तरी.

आणि काय नाटक केलं मी! रोज संध्याकाळी आठला तिचा फोन यायचा. मी तिला सांगायचो, आज अमक्याकडं तांबडा-पांढरा रस्सा झाला, आज चौघं मिळून रंकाळ्यावर तीन फेऱ्या मारल्या, आज दुकानात इतकी गर्दी की पाणी प्यायला फुरसत नाही. खऱ्यात काय होतं? तालमीतले दोघं मुलांकडं पुण्याला गेलेले, एकाचा गुडघा बदललेला, एकाला संध्याकाळी नातू सांभाळायचा असतो. दुपारी एकला मी शटर ओढून वर यायचो, खानावळीचा डबा उघडायचो आणि एका ताटात जेवायचो. धुवायला एकच ताट असलं की ते धुवायचा कंटाळा येतो, हे मला पन्नाशीत कळलं. रात्रीला सकाळचीच पोळी. पण तिला वाटायला हवं की मी स्वयंपाक करतो, म्हणून मी फोन बाजूला ठेवून तोंडानं कुकरची शिट्टी वाजवायचो. खोटं नाही सांगत. रंगभूमीचा तीस वर्षांचा अनुभव मी त्या शिट्टीत ओतला होता.

"तीन झाल्या की," ती तिकडून म्हणायची. "गॅस बंद करा."

मी जाऊन बंद असलेला गॅस बंद करायचो.

जुलैत दुसरा भाग आला. तिनं तिकडूनच विकत घेऊन डब्यावर उतरवायची व्यवस्था केली आणि बजावलं, "दिवाळीला येतो तवा सुरू करायचा. दोघांनी. तोवर हात लावायचा न्हाय." मी शपथ घेतली. अठरा दिवस पाळली. एकोणिसाव्या दिवशी दुपारी डबा जेवून झाल्यावर मी स्वतःला म्हणालो, नुसतं उघडून बघायला काय हरकत आहे? चित्रं कशी आहेत ते बघू.

चित्रं म्हणजे डोळ्यांचं पारणं फेडणारी. पहिल्या भागात किल्ला एकच होता आणि अंधार इतका की अर्धा वेळ आम्ही आमचीच तोंडं काचेत बघायचो. दुसऱ्यात एक अख्खं बंदर आहे. गलबतं, मासळीबाजार, छपरं, गटारं, ओल्या दगडावर पडलेला कंदिलाचा उजेड. पावण्यांच्या घोंगड्याचे धागे दिसतात. मुख्य म्हणजे पावणं बोलतात, हिंदीत. पिंपामागं बसल्या बसल्या पावणं स्वतःशीच म्हणतात, 'यहाँ से निकलना होगा.' मला पहिल्यांदा ऐकून धक्काच बसला. सात महिने घरात गप्प बसलेला पाहुणा एकदम सल्ला द्यायला लागल्यासारखं वाटलं.

पहारेकऱ्यांची पावलं आता ठरलेली नाहीत. एकदा आठ चालतात, एकदा वीस, मधेच परत फिरतात, भिंतीला टेकून डबा खातात. मोजून काही हाती लागत नाही. त्याची भरपाई म्हणून एक बटण दिलंय. ते दाबलं की सगळं जग निळं होतं आणि भिंतीपलीकडची माणसं नारिंगी दिव्यांसारखी लुकलुकतात. कोण कुठं आहे, सगळं दिसतं. पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा मी आनंदानं ओरडलो. दुसऱ्यांदा दाबलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. हे बटण म्हणजे माझ्या बायकोची बदली होती. मोजायला आता कुणी लागतच नव्हतं.

आणि पकडले गेलो तरी काही बिघडत नाही. पावण्यांना या वेळी तलवार दिली आहे. चौघं अंगावर आले तरी चौघांना आडवं करून पुढं जाता येतं. सेनापतीला अखेर रणांगण मिळालं! मी दणादण माणसं पाडली. आरोळ्या ठोकल्या. दुपारी एकपासून कधी पाच वाजायचे कळायचं नाही. माझ्या दुकानाला सोमवारची सुट्टी. सोमवार तर सकाळी दहालाच सुरू व्हायचा. एका मंगळवारी खाली शटर उघडायला मी गेलोच नाही. त्या संध्याकाळी तिनं विचारलं, दिवसभर काय केलं? मी सांगितलं, बिद्रीला बारशाला गेलतो. जुन्या गिऱ्हाइकाच्या नातवाचं. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. जिलेबी जरा कडक होती.

"नाव काय ठेवलं बाळाचं?"

"कळलं नाही," मी म्हणालो. "बायकांचा गलका फार होता."

स्वतःवर इतका खूश झालो की त्या दिवशी शिट्ट्या चार वाजवल्या.

पण दुसऱ्या भागात एक गोष्ट पहिल्यापेक्षा खरोखर चांगली आहे. पहारेकरी आपसांत बोलतात. बंदराच्या पहिल्या कमानीजवळ दोघं उभे असतात. एक तरणा, एक म्हातारा. तरण्याचा डावा बूट चावतो. म्हातारा म्हणतो, तेल लाव. तरणा म्हणतो, लावलं, तरी चावतोय. मग आचाऱ्याच्या पातळ रश्शावर बोलणं येतं, मग म्हाताऱ्याच्या दम्यावर. चार मिनिटं होतात आणि बोलणं पुन्हा बुटापासून सुरू होतं. मी त्यांच्या मागच्या पिंपामागं बसून ते ऐकायला लागलो. पहिल्यांदा पाच मिनिटं, मग अर्धा तास. पुढं जायचंच नाही. पाठ झाल्यावर मी मधे बोलायला लागलो. तरणा 'जूता काट रहा है' म्हणाला की मी सोफ्यावरून म्हणायचो, "मग आत कापूस घाल की लेका!" म्हातारा खोकला की, "सुंठ घ्या, सुंठ." मला तिसऱ्या माणसाची भूमिका सापडली होती, आणि ती करायला मी दुपारची वाट बघायला लागलो होतो.

अशाच एका दुपारी खालून हाक आली. "ओ मालक! हैसा का न्हाय?"

मी दचकून टीव्ही बंद केला. तीन वाजून गेले होते, शटर खाली होतं. जिन्यावर पावलं वाजायला लागली. आता सांगायला लाज वाटते, पण महिनाभर लपायचीच सवय लागलेला माणूस मी. उठलो आणि सरळ खिडकीच्या पडद्यामागं जाऊन उभा राहिलो. श्वास रोखून. पावलं मोजत. सात, आठ, नऊ. दाराशी थांबली.

"पावणं," तो म्हणाला, "पडद्याखालनं पाय दिसायलेत तुमचं."

मी बाहेर आलो. पेठ वडगावचा गिऱ्हाईक, पाच-सहा म्हशी असलेला. कडबाकुट्टीचा पट्टा तुटला होता आणि म्हशी चाऱ्याविना खोळंबल्या होत्या.

"पडदा झाडत होतो," मी म्हणालो.

"आतनं?"

"आतनंच जास्त धूळ बसते."

"आसंल," तो म्हणाला आणि खोलीभर नजर फिरवली. "खाली मंडळींचा आवाज येत हुता. दोघंतिघं हसत खिदळत बोलायलेत म्हटलं. म्हणून तर वर आलो. कुठं गेली माणसं?"

मी टीव्ही लावला. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो खुर्चीवर टेकला, बायकोच्या. पट्ट्याची घाई विसरून बघायला लागला.

"हे काय चाललंय?"

"चोरी."

"कुणाच्यात?"

"ते अजून कळलं नाही. मी अजून पहिल्या कमानीजवळच बसतो."

त्यानं दहा मिनिटं बघितलं. तरणा पहारेकरी वळला तेव्हा माझा दंड धरून कुजबुजला, "हलू नगा, हलू नगा, हिकडं बघतंय त्ये." मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकला. चहा पिताना त्यानं विचारलं, "वैनी कुठं हैत?"

"चंद्रपूरला. साहेब झाल्यात."

"मग तुमी?"

"मी एकदम मजेत."

त्यानं ओट्यावरच्या एका ताटाकडं बघितलं, खानावळीच्या डब्याकडं बघितलं, तीन दिवसांच्या न उघडलेल्या पेपरांकडं बघितलं. "व्हय," तो म्हणाला. "दिसतंय की." मग पट्टा घेऊन गेला. जाताना जिन्यातून ओरडला, "कापूस घालून बूट बसत न्हाय म्हणावं त्येला! मोठा घ्यायचा!" म्हणजे मी पहारेकऱ्याशी काय बोलत होतो तेही त्यानं खालून ऐकलं होतं.

ऑगस्ट संपला. मुदत संपायला पंधरा दिवस राहिले. मी दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक पेन्सिलीनं खोडत होतो. मधे एका बुधवारी दुपारभर वीज नव्हती. त्या दुपारी तिचा दोनदा फोन आला. एकदा गॅसचं पुस्तक कुठं आहे विचारायला, एकदा सापडलं का विचारायला. चंद्रपूरला बसून तिला आमच्या गॅसचं पुस्तक कशाला हवं होतं, हे मी विचारलं नाही. आणि एका संध्याकाळी ती बोलता बोलता म्हणाली, "मी आत्ताच जेवली." तिकडं बायका तसंच म्हणतात. पण फोन ठेवल्यावर ते 'जेवली' बराच वेळ माझ्या कानात राहिलं. आमच्या घरातली बाई 'जेवलो' म्हणते. ही दुसरीच कुणी जेवली होती.

पुढच्या रविवारी दुपारी तिनं व्हिडिओवर फोन केला. मी कंट्रोलर उशीखाली सारला आणि पदरचं हसू तोंडावर आणलं.

"काय करताय?"

"काय नाही. आत्ताच माणसं गेली. पत्ते खेळत होतो."

"पिंपामागं?"

मी उशी आणखी खाली दाबली.

"अहो," ती म्हणाली, "तो डबा माझ्या नावावर हाय. तुम्ही तो लावला की माझ्या फोनवर वाजतंय, कुणाला मारलं की पदक, सगळा हिशेब येतोय. टिंग. पहिल्या दिवसापासनं. कर्जाचा माणूस समोर बसलाय, मी त्याचे कागद बघतोय, आणि फोनवर टिंग! 'दहा पहारेकऱ्यांचा खात्मा, अभिनंदन.' बारशाच्या दिवशी टिंग टिंग टिंग. बिद्रीच्या मांडवात किती जणं मारलासा?"

"जिलेबी खरंच कडक होती," मी म्हणालो.

"एक्केचाळीस मारल्यात. तुम्हाला बघितलंय त्रेसष्ट वेळा. पहिल्या कमानीला लोकांना वीस मिनिटं लागत्यात, तुमचे एकोणतीस तास झाल्यात. आणि ती शिट्टी."

"शिट्टीला काय झालं?"

"कुकर मधे दम खात न्हाय, अहो."

मला हसू आवरलं नाही. तिला आवरलं. तिनं फोन जवळ घेतला, इतका की नुसते डोळे आणि कपाळ दिसायला लागलं.

"करमत न्हाय न्हवं तुम्हाला?"

दहा दिवस. फक्त दहा दिवस राहिले होते. मला बिद्रीसारखं काहीतरी हवं होतं. मी शोधलं, खोलीभर शोधलं. खुर्ची, ताट, कॅलेंडर. कॅलेंडरवरच्या पेन्सिलीच्या फुल्या तिला मागं दिसत असणार.

"न्हाय करमत," मी म्हणालो. आणि घाईनं, "पण तू यायचं नाहीस. खुर्ची सोडायची नाहीस. सोडलीस तर मी दार उघडणार नाही."

"कोण येतंय?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जुलैतच लिहून दिलं मी. राहतो म्हणून. तीन वर्षं. तुम्हाला विचारलं पण न्हाय."

जुलैत! म्हणजे ज्या नाटकात मी नायक होऊन त्याग करत होतो, त्याचा पडदा पहिल्याच अंकात पडला होता आणि मी दोन महिने मिटलेल्या पडद्याआड स्वगतं म्हणत होतो. मला राग आला. खूप आला. "मग सांगायचं नाहीस?"

"सांगणार होतो. पण तुम्ही एवढी मनापासनं शिट्टी वाजवत होतासा. आणि तुम्ही करमत न्हाय असं कधी म्हणता, ते बघायचं होतं. तीन वर्षं असंच गेलं असतं तर?"

मी उशीखालचा कंट्रोलर काढून मांडीवर घेतला.

"मला पण करमत न्हाय," ती म्हणाली. "दुपारी सगळी शाखा डबा खाते. मी माझ्या खोलीत खातो. साहेबाबरोबर कोण बसत न्हाय. मग मी फोन पुढ्यात ठेवतो. टिंग वाजलं की कळतंय, घरात माणूस हाय, हातपाय हलवतोय. त्या बुधवारी वाजलं न्हाय, तवा म्हटलं बघावं."

"गॅसचं पुस्तक."

"व्हय. गॅसचं पुस्तक."

मग ती एकदम शाखाधिकारी झाली. "ते एक्केचाळीस मला चालणार न्हाय. सगळं पुसा. पहिल्यापासनं सुरू करायचं. तलवार म्यानात. आणि ते निळं बटण दाबायचं न्हाय."

"पण याची पावलं ठरलेली नाहीत गं. मोजता येत नाही."

"आधी बघू तरी द्या."

मी फोन खानावळीच्या डब्याला टेकवून तिच्या खुर्चीवर ठेवला, टीव्हीकडं तोंड करून. मी एकोणतीस तास पुसले. पावणं पुन्हा बंदरावर उतरले आणि पिंपामागं जाऊन बसले. तरणा आठ पावलं चालला, मग सतरा, मग तीन. मी तिला दोघांची सगळी हकीगत सांगितली, रस्सा, दमा, बूट. कुणाला तरी ती सांगता आली याचाच मला आनंद. ती तिकडं गवार निवडत नव्हती, नुसती बघत होती. पाच वेळा पकडला गेलो. सहाव्यांदा ती म्हणाली, "डावा बूट चावतोय म्हणालासा?"

"डावा."

"मग पाय बघा त्याचे. किती पण चालू दे, वळायच्या आधी डावा पाय झटकतोय."

मी बघितलं. झटकत होता. निळं बटण दाबलं की माणसाचा नुसता नारिंगी ठिपका होतो, पाय दिसतच नाहीत. एकोणतीस तास त्याच्या बुटाची तक्रार ऐकून मी एकदाही त्याच्या पायांकडं बघितलं नव्हतं.

तरी जमेना. ती 'आता' म्हणायची ते माझ्यापर्यंत दोन सेकंद उशिरा पोचायचं आणि तोवर तरणा वळलेला असायचा. गुडघ्यावरचा फटका तर पोचतच नव्हता. तीन रविवार आम्ही त्या एका कमानीवर घालवले. ती म्हणायची, परत. मी म्हणायचो, परत. मग तिनं उशीर धरूनच हिशेब बसवला आणि पाय झटकायच्या आधीच, नुसती टाच उचलली जाताना, 'आता' म्हणायला लागली.

काल दुपारी तिचा 'आता' आला तेव्हा तरण्याचा पाय नेमका हवेत होता. मी निघालो. ओल्या दगडावरून वाकून, कंदिलाच्या उजेडाच्या कडेनं, म्हाताऱ्याच्या पाठीमागून. पावणं कमानीखाली पोचले. कुणी बघितलं नाही.

मी वळून खुर्चीवरच्या फोनकडं बघितलं. तिच्याकडं, दोन सेकंद मागं, पावणं अजून रस्त्यातच होते. तिच्या कपाळाला आठी होती, ओठ दाबलेले होते आणि हात तोंडाशी. मी गप्प बसून वाट बघितली. मग तिनं टाळी वाजवली.